एक पावसाळा, रबरी मोकॅसिनमध्ये

मृग लागला की आमच्या घरी कोल्हापुरी चपला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढचे चार महिने पायात काय घालायचं, हा प्रश्न मी इतकी वर्षं साध्या पावसाळी चपलांवर भागवत आले. डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसएमटी, मग भुयारी मार्ग आणि तिथून फोर्टमधल्या ऑफिसपर्यंत पंधरा मिनिटांची पायपीट. या चपलांची खोड एकच. चालताना टाचेकडची बाजू फटफट आपटते आणि रस्त्यावरचा चिखल थेट पोटऱ्यांपर्यंत उडतो. गेल्या वर्षी एका मीटिंगमध्ये स्क्रीनकडे वळले आणि मागे कोणीतरी हळूच हसलं. लेगिंगवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली होती. यंदा टाच बंद असलेलं काहीतरी घ्यायचं, हे तेव्हाच ठरलं.

गमबूट घालून बायकांच्या डब्यात चढायची माझी हिंमत नाही. बेली, म्हणजे तो पातळ, सपाट बूट, घेतली तर तिचा गळा इतका मोठा की बोटांचा थोडाच भाग झाकतो. राहिलं मोकॅसिन, म्हणजे बिनलेसचा, टाच बंद असलेला सपाट बूट. स्टेशनजवळच्या दुकानात काळं, चॉकलेटी आणि एक भडक पिवळं असे जोड टांगलेले होते. दुकानदार प्रत्येकाला ‘प्युअर रबर आहे मॅडम’ म्हणत होता. हातात घेतल्यावर फरक कळतो. जड, चकचकीत आणि नव्या टेबलक्लॉथसारखा वास येणारा जोड पीव्हीसीचा असतो. पिसासारखा हलका आणि दाबला की स्पंजासारखा दबणारा ईव्हीए नावाच्या फोमचा. खरं रबर या दोघांच्या मधे, मऊ पण वजनदार, आणि ओढलं की परत जागेवर येणारं. मी तेच घेतलं, काळं, मॅट फिनिशचं. चकाकणारं प्लॅस्टिक पायात खेळण्यासारखं दिसतं. मॅट असेल तर चार हातांवरून चामड्याचाच भास होतो.

गंमत म्हणजे या बुटावरचे टाके खोटे असतात. मूळ मोकॅसिन उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचं, मऊ चामडं पायाभोवती वळवून पंजावर चुण्या घालून शिवलेलं. नावही त्यांच्याच अल्गाँक्वियन भाषांतून आलेलं. रबरी जोडावर त्या चुण्या आणि टाके साच्यातच उमटवलेले असतात. नक्कल म्हणून हसू येतं, पण पावसात तीच सोय. शिवण नाही, त्यामुळे शिवणीतून पाणी झिरपायचा प्रश्न नाही.

पहिली चूक मापाची. चामड्याचा जोड थोडा घट्टच घ्यायचा, आठवड्यात सैल पडतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. रबर सैल पडत नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांवर फोड आले. आई म्हणाली, ‘अगं, आतून खोबरेल लाव, चपला चावायच्या थांबतात.’ लावलं. चामडं तेल पिऊन मऊ होतं. रबर तेलाने फुगतं आणि चिकट होतं. चार दिवसांत टाचेचा काठ फ्रीजच्या जुन्या रबरासारखा लिबलिबीत झाला आणि त्याला प्रत्येक केस, प्रत्येक कचरा चिकटायला लागला. साबणाच्या पाण्याने दोनतीनदा धुतल्यावर थोडं सुधारलं. आईला मात्र अजून वाटतं की मी तेल कमी लावलं.

मग जुलैतला तो दिवस आला. संध्याकाळी परत येताना सायनच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. दीड-दोन तासांनी माणसं उतरून कुर्ल्याकडे चालायला लागली, त्यांच्याबरोबर मीही. पाणी नडगीपर्यंत होतं. मोकॅसिन वरून भरलं आणि प्रत्येक पावलाला पचाक-पचाक करत टाचेतून निसटायला लागलं. शेवटी केसांचे दोन रबर काढून बुटासकट पायांना घातले. ही युक्ती मला लाजिरवाणी वाटत होती, पण शेजारून चालणाऱ्या मुलीने बघून लगेच तेच केलं.

घरी पोचल्यावर पाय धुताना लक्षात आलं की टाचांवरचे फोड फुटलेले आहेत. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाला जखम असेल तर तिथून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चाललेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. मी ते दरवर्षी वाचत आले होते, पण स्वतःला लावून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. डॉक्टरांनी टाचा बघितल्या, डॉक्सीसायक्लिन लिहून दिलं आणि विचारलं, ‘बूट नवीन का?’ म्हणजे पायाला जपण्यासाठी घेतलेल्या जोडानेच जंतूंना दार उघडून दिलं होतं.

यानंतर तो जोड टाकून देणार होते. स्टेशनच्या जिन्याखाली बसणाऱ्या मोची काकांकडे छत्रीची काडी लावायला गेले, तेव्हा सहज दाखवला. त्यांनी बूट उलटा केला, आतून पाणी ठिबकलं. म्हणाले, ‘ताई, पाणी आत येणारच. त्याला जायला वाट ठेवा की.’ मग आरीचं टोक तापवून तळव्याच्या कमानीजवळ, आतल्या अंगाला, तळापासून बोटभर वर, दोन-दोन भोकं पाडली. तापलेल्या टोकाने केलेलं भोक पुढे फाटत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. आतला चिकटवलेला फोमचा सुकतळाही त्यांनी उपटून काढला. सगळं पाणी तोच धरून ठेवत होता आणि सगळा वासही त्याचाच होता. सुकतळा गेल्यामुळे बूट आतून जरासा मोठा झाला आणि टाचेचं घासणं बरंच थांबलं. भोकांतून डबक्याचं पाणी आत येतं का? येतं, खोटं कशाला बोलू. पण चार पावलांत निघूनही जातं. आधी तेच पाणी मी डोंबिवलीपासून फोर्टपर्यंत सोबत नेत होते.

आता कपड्यांचं. सलवार बाद, घेर भिजला की पायाला चिकटते. जीन्स तर बादच बाद, संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि लोकलमध्ये ओल्या जीन्सने बसणं म्हणजे शिक्षा. पांढरी पँट घालणाऱ्यांना माझा नमस्कार. मला जमलं ते असं: घोट्याच्या चार बोटं वर संपणारी सरळ, अरुंद पँट, कापड पॉलिएस्टर मिसळलेलं, रंग गडद, वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता. पँट आणि बुटाच्या मधे थोडा उघडा पाय दिसायला हवा. नाहीतर काळी लेगिंग आणि काळं मोकॅसिन मिळून शाळेतल्या पीटीच्या तासाची आठवण येते. लांब कुर्ता आणि हा जोड मला तरी बोजड दिसला.

साडीचा प्रयोग मी ऑगस्टमध्ये केला. जॉर्जेटची, बारीक काठाची, नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसलेली. उभी असेपर्यंत बरं होतं. जिना चढताना निऱ्यांखालून ते गोल काळं नाक बाहेर यायचं आणि माझं मलाच हसू यायचं. तेव्हापासून साडीच्या दिवशी मोकॅसिन फक्त ऑफिसच्या दारापर्यंत. टेबलाच्या खालच्या खणात एक सुकी सपाट चप्पल आणि छोटा टॉवेल कायम असतो.

खरं तर हा खण रोजच उघडतो. रबरात पाय श्वास घेत नाही, बाहेर पाऊस नसला तरी आत घामाचं पाणी होतंच. सुती मोजे घालून बघितले, ते भिजले की दिवसभर ओलं फडकं गुंडाळल्यासारखं. म्हणून अनवाणी पायच बरा. ऑफिसात पोचले की बोटांच्या बेचक्या पुसायच्या, बुरशी होऊ नये म्हणून पावडर टाकायची, चप्पल घालायची. याच वर्षी पहिल्यांदा मला चिखल्या झाल्या नाहीत. श्रेय बुटाचं की टॉवेलचं, यावर घरात मतभेद आहेत.

एक गोष्ट सगळ्यात वाईट आणि तिला उपाय सापडला नाही. ओल्या, गुळगुळीत लादीवर हा जोड घसरतो. तळाला नक्षीऐवजी गोल बुटके ठिपके आहेत. दोन महिन्यांत तेही झिजून सपाट झाले. ऑफिसच्या इमारतीतल्या पॉलिश केलेल्या फरशीवर मी एकदा चक्क वॉचमनच्या खुर्चीला जाऊन धरलं. पुढच्या वेळी दुकानात बूट आधी उलटा करून बघणार. खोल, आडव्या खाचा असतील तरच पायात घालून बघायचा.

गणपती झाले, मग नवरात्र आलं आणि पाऊस ओसरला. जोड धुतला, सावलीत वाळवला, आत कागद भरला. आईने माळ्यावरून कोल्हापुरी काढल्या. पट्ट्यांवर पांढरी बुरशी होती, ती तिने पुसली आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्यासमोर ठेवली.