आमची वाटचाल : रांजणगावची अर्धी लाइन

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात 1997 साली आम्ही दोघांनी काम सुरू केलं, मी आणि मामा. मामा माझे नात्याने कुणी नाहीत. आधीच्या कंपनीत ते आयबीआर वेल्डर, म्हणजे बॉयलर नियमांची परीक्षा पास झालेले वेल्डर होते आणि मी ड्रॉइंग बघायचो. एक रेक्टिफायर म्हणजे वेल्डिंगचं मशीन, दोन ग्राइंडर आणि मामांची उतार मोजायची तीस मीटरची लेव्हल ट्यूब, एवढीच पुंजी. ती ट्यूब आजही वापरात आहे. आत पाणी भरलं की मामा आधी ती उन्हात धरून एकही बुडबुडा नाही ना हे बघतात, मगच मापाला हात लावतात. लेसर घेतला तरी स्टीम लाइनचा उतार ते ट्यूबनेच तपासतात.

पुढची वीस वर्षं स्टीम पाइपिंगची कामं मिळत गेली, माणसं चौदा झाली. लिहायचंय ते रांजणगावच्या कामाबद्दल. त्या कामाने फर्म वाचली, आणि त्याचं श्रेय मात्र आम्हाला कुणी दिलं नाही.

एप्रिल 2021 मध्ये कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला गेला. ते व्हायलाच हवं होतं. पण ऑक्सिजन नाही म्हणजे गॅस कटिंग नाही, आणि कटिंग नाही म्हणजे गाळा बंद. भाडं आणि पगार चालूच. बँकेची लिमिट संपली, घरातलं सोनं गहाण गेलं. दिवाळीनंतर मी मामांना म्हटलं, बंद करूया. ते काही बोलले नाहीत, चहा पिऊन ग्राइंडरचे कार्बन बदलत बसले.

त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. 2001 साली आम्हाला पहिली मोठी पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, यांनीच दिली होती. आमचं बिल त्यांनी कधी अडवलं नाही आणि आमच्याकडून कधी चहाही घेतला नाही. आता ते रांजणगावच्या एका फूड कंपनीत प्रोजेक्ट बघत होते. म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टर काम सोडून गेलाय. निदान बघून तरी जा."

गुरुवारी भोसरी बंद. चाकण-शिक्रापूर रस्त्याने निघालो. मामा महागणपतीला हात जोडून आले आणि आम्ही साइटवर गेलो.

बॉयलर हाउसपासून प्रोसेसपर्यंत सहा इंची हेडर म्हणजे वाफेचा मुख्य पाइप, दाब साडेदहा किलो. कॉन्ट्रॅक्टरने 2020 चे रेट भरले होते. नंतर पाइपचे भाव चढले आणि तो जूनमध्ये निघून गेला. त्याची अडचण मला कळते, तोटा आम्हीही सोसलाय. पण पाइपांची तोंडं उघडी टाकून जायचं, हे कुठल्या रेटमध्ये बसतं? चार महिने त्यात पाऊस गेला. मामांनी एका तोंडात हात घातला तर तांबडा चिखल, गोणपाटाचा तुकडा आणि कुंभारमाशीचं घर बाहेर आलं.

मग त्यांनी खिशातला दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा आणि टॉर्च काढला. बाहेरून जॉइंट छान दिसत होता, वर रंगही मारलेला. आतून रूट, म्हणजे जॉइंटच्या तळाचा पहिला थरच भरला नव्हता. दोन पाइपांच्या कडा भांग पाडल्यासारख्या वेगळ्या दिसत होत्या. बिल 212 जॉइंटचं उचललं होतं, जागेवर मोजले तर 187 भरले.

आणखी एक गोष्ट बघून मला घाम फुटला. शू, म्हणजे पाइपखालचे सरकते पाय, खालच्या रॅकला दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेले. साडेदहा किलोची स्टीम म्हणजे 185 अंशांच्या आसपास. तीस मीटरचा सरळ पाइप तेवढ्यात साधारण 55 मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागाच नाही, वाढ सामावून घेणारा पाइपचा वळसा, म्हणजे लूपही नाही. तशीच स्टीम सोडली असती तर पाइपने कुठला तरी नोझल, म्हणजे यंत्राचं पाइप जोडायचं तोंड, उपटला असता. उतारही दोन ठिकाणी उलटा. तिथे पाणी साचून हॅमर, म्हणजे वाफेने ढकललेल्या पाण्याचा दणका बसला असता तो वेगळाच.

या धंद्यात नवीन आलेल्या मुलांना सांगतो. दुसऱ्याने सोडलेलं काम घेताना रेट शेवटी बोला. आधी जॉइंट मेजरमेंट, म्हणजे कंपनीच्या माणसासोबत मोजणी करा, प्रत्येक पानावर कंपनीची सही घ्या आणि आधीच्या माणसाच्या दोषांची जबाबदारी कुणाची, हे पीओत लिहून घ्या. पाइपवर हीट नंबरचा, म्हणजे पोलाद कुठल्या लॉटचं ते सांगणाऱ्या नंबरचा पंच नसेल तर तो पाइप बॉयलर इन्स्पेक्टरला दाखवताच येत नाही. कितीही नवा असो, उतरवा. आम्ही नऊ पाइप असे उतरवले आणि त्याचे पैसे मागायचं पीओत लिहायला विसरलो.

43 जॉइंट कापले. टिग वेल्डिंगने रूट, वर 7018 नंबरचे वेल्डिंग रॉड. रॉड ओव्हनमधून थेट क्विव्हरमध्ये, म्हणजे ते गरम आणि कोरडे ठेवायच्या डब्यात. पाकीट फोडून उघड्यावर ठेवलेलं दिसलं की मामा ते अख्खं बाजूला काढायचे. दोन लूप टाकले, शू मोकळे केले. सात आठवडे आमची मुलं थंडीत साइटवरच झोपली. इन्स्पेक्टरसमोर हायड्रोटेस्टला, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीला लावलेल्या गेजचा काटा जागचा हलला नाही.

स्टीम सोडायच्या दिवशी लूपजवळच्या शूपाशी मामांनी रॅकवर खडूने रेघ मारली. मेन व्हॉल्व्ह जेमतेम उघडला, ड्रेनमधून आधी पाणी आलं, मग पांढरी वाफ, आणि शेवटी ड्रेनच्या तोंडाशी काहीच दिसेना, नुसता आवाज. तासाभराने मामांनी पट्टी लावली. शू रेघेपासून 52 मिलिमीटर सरकला होता. मामांनी मापाच्या बाजूला तारीख लिहिली आणि खाली बसून डबा उघडला. मला बोलवेना.

उद्घाटनाला आम्हाला बोलावलं नाही. साहेब तोवर निवृत्त झाले होते. फेज टू कमी रेटवर दुसऱ्या फर्मला गेली. त्याच फर्मच्या ब्रोशरमध्ये आमच्या प्रेशर रिड्यूसिंग स्टेशनचा, म्हणजे वाफेचा दाब कमी करणाऱ्या जोडणीचा फोटो आहे, क्लॅडिंगचा पत्रा चढण्याआधीचा. त्यातले जॉइंट नंबर मामांच्या हातचे आहेत. 7 च्या मधोमध आडवी रेघ या अख्ख्या भोसरीत तेच मारतात.

आमचे रिटेन्शनचे, म्हणजे कंपनीने बिलातून राखून ठेवलेले 10 टक्के अजून यायचेत. अकाउंट्सचं म्हणणं, आधीच्या कॉन्ट्रॅक्टरच्या त्रुटी त्यातून वळत्या केल्या. दर महिन्याच्या 5 तारखेला मी पत्र पाठवतो आणि त्यासोबत सही असलेल्या मेजरमेंट शीटची प्रत जोडतो, सगळी एकोणीस पानं.