डाव्या चाकाचा आतला पॅड

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सरांचा फोन आला. "अरे, गाडीचे मागचे ब्रेक पॅड घरीच बदलायला घेतले. पॅड दाबणारा पिस्टन काही केल्या आत जाईना. येतोस का जरा?"

कन्नडला माझं गॅरेज आहे. रविवारी बंद असतं, पण सरांनी मला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलंय. पेटी गाडीवर टाकली आणि निघालो.

अंगणात गाडी जॅकवर होती, मागचं डावं चाक काढलेलं. पहिली नजर गेली ती कॅलिपरवर, म्हणजे पॅड चाकाच्या चकतीवर, डिस्कवर, दाबणाऱ्या चिमट्यावर. तो नुसत्या ब्रेक ऑइलच्या रबरी पाइपला लोंबकळत होता. आधी तारेने स्प्रिंगला बांधला, मग बोलायला लागलो. त्या पाइपला आतून चीर गेली तर वरून काहीच दिसत नाही आणि ऐन वेळी पेडल दगा देतं. जॅकवर एकट्या भरवसा नको म्हणून खाली स्टँड लावला आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड.

हँडब्रेक ओढलेला होता. गाडी सरकू नये म्हणून सरांनी काळजीपोटीच ओढला होता. पण या गाडीत हँडब्रेकची केबल थेट मागच्या कॅलिपरवर येते. तो ओढला की पॅड डिस्कला धरून बसणार. सरांनी कॅलिपर टॉमीने उचकटून काढला होता आणि सी-क्लॅम्प लावून पिस्टन दाबत होते. पुढच्या चाकाचा पिस्टन तसा दाबला की आत जातो. मागच्याला आत आट्यांचा स्क्रू असतो, त्याला दाबत दाबत फिरवावं लागतं. म्हणूनच त्याच्या तोंडावर खाचा असतात.

"कुठे काय अडतंय ते तरी दाखव," सर म्हणाले आणि चष्मा पुसून शेजारी बसले.

काढलेले पॅड पायरीवर ठेवलेले होते. बाहेरचा चांगला पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. आतला हातात घेतला आणि पोटात गोळा आला. मसाला संपून पत्रा उघडा पडला होता, चकचकीत, कडा निळसर झालेल्या. डिस्कच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं तर नखं अडकतील एवढ्या चरा. चाक न काढता डिस्कची फक्त बाहेरची बाजू दिसते, आणि ती गुळगुळीत होती. सर दर महिन्याला वाकून तीच बघत होते.

एकाच चाकावर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा राहतो, तेव्हा दोष पॅडचा नसतो. कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, म्हणून दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. इथली खालची पिन जाम होती. पाना लावून हळूहळू फिरवत काढायला पाऊण तास गेला. बाहेर आली तेव्हा तिचं रबर फुगून लिबलिबीत झालेलं. मागच्या वेळी कुणीतरी साधं ग्रीस भरलं होतं. पिनेला सिलिकॉनचंच ग्रीस लागतं, साध्याने रबर फुगतं. आमच्याकडच्या काळ्या मातीचा चिखल तिथे एकदा शिरला आणि वाळला की सिमेंटच होतो.

हँडब्रेक सोडून पिस्टन फिरवायच्या हत्याराने फिरवून पाहिला. अर्धा आटा गेला आणि अडला. रबरी टोपी फाटलेली, खाली ब्रेक ऑइलचा ओलावा. मी हत्यार खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावला सरांच्या पुतणीचा साखरपुडा होता. म्हणजे औट्रम घाट उतरायचा, गाडीत पाच माणसं.

"मागचाच तर ब्रेक आहे. पुढचे दोन्ही चांगले आहेत ना? नवे पॅड टाक, सावकाश जाऊ."

मी नाही म्हणालो. सरांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "सर, सपाटीवर पुढचे ब्रेक बरंच काम करतात, खरंय. पण हे चाक धरून बसलंय. घाटात ते तापत जाईल, उष्णता कॅलिपरमधून ऑइलला लागेल. ऑइल जुनं आहे, पाणी धरलेलं. ते उकळलं की वाफ होते आणि वाफ दाबली जाते, ऑइल नाही. पेडल खाली जाईल आणि गाडी थांबणार नाही. वर हे गळतंय. ऑइलची लाइन तिरपी जोडलेली असते, मागच्या डाव्याबरोबर पुढचं उजवंही जाईल."

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग घरात वळून म्हणाले, "अगं, उद्या एसटीने जायचं."

नवा कॅलिपर आणि डिस्कची जोडी संभाजीनगरहून मंगळवारी आली. एकच डिस्क टाकून भागत नाही, दोन्ही चाकांचा धरायचा जोर सारखा हवा. उजवीकडचा पिस्टन फिरवून सहज बसला. पॅडच्या पाठीवरची गुंडी पिस्टनच्या खाचेत बरोबर बसली की नाही, ते बोटाने चाचपूनच पाहिलं. मग जुनं ऑइल काढून डॉट ४ दर्जाचं नवं ब्रेक ऑइल भरलं. लाइनमधली हवा काढायला काकू स्टिअरिंगवर बसल्या. मी चाकाशी वाकून "दाबा" म्हणायचो, त्या आतून "दाबलं, धरलंय" म्हणायच्या, मी कॅलिपरवरचा हवा सोडायचा निपल ढिला करायचो. आधी काळपट ऑइलमधून बुडबुडे आले, मग पारदर्शक, फिकट पिवळी धार आली. पेडल कडक झालं.

चाकं जमिनीवर टेकवून नट आमोरासमोरचे, एकाआड एक आवळले. गाडी हलवायच्या आधी पेडल पाच-सहा वेळा दाबलं, नाहीतर पहिला ब्रेक रिकामा जातो. मग सरांना शेजारी बसवून मोकळ्या रस्त्याला गेलो आणि नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पन्नासवरून दहावर, हळुवार, पंधरा-वीस वेळा वेग उतरवला. मध्ये मध्ये डिस्क थंड होऊ दिली.

परत आल्यावर सर खाली उतरले. आधी डाव्या चाकाजवळ तळहात नेला, मग वळसा घालून उजव्याजवळ.

"सारखंच ऊन लागतंय," म्हणाले.