भाऊसाहेबांच्या टेबलावर आमचं विमान

आमच्या एरोमॉडेलिंग क्लबला, म्हणजे रिमोटवरची छोटी विमानं बनवून उडवणाऱ्यांच्या क्लबला, मैदान मिळायला पाच महिने लागले. त्यातले चार एकाच टेबलाने खाल्ले.

पुण्यात एका बाजूला लोहगावचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए, उडवणार कुठे? २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात (ग्रीन झोन) ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, पण पट्टा नकाशावर हिरवा असला तरी खालची जमीन कुणाची तरी असतेच. लांबच्या एका गावाचं गायरान मिळालं. ग्रामपंचायतीचा ठराव एका बैठकीत झाला.

मग ते कार्यालय. भाऊसाहेबांनी अर्जातल्या ‘विमान’ शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली. “धावपट्टी कुणाच्या नावावर आहे?” म्हटलं, विमान दीड किलोचं आहे, फोमचं. त्यांनी शेरा मारला: ‘विमानतळाचे ना हरकत जोडावे.’ पुढच्या खेपेला साहेब साइटवर. त्याच्या पुढच्या खेपेला साहेबांची बदली. मग कळलं, अर्जच सापडत नाही. पोच घेतली नव्हती, चूक माझी. आवक क्रमांक लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

शेवटी वैतागून ट्रेनर, म्हणजे नवशिक्यांना शिकवायचं, विमानच एसटीतून मांडीवर घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवलं. पंख शेजारच्या फायलींवर टेकला. शिपाई, टायपिस्ट, सगळे जमले. भाऊसाहेबांनी ते दोन बोटांवर तोलून पाहिलं. “अहो, मग असं लिहा ना!” नवा विषय त्यांनीच सांगितला: ‘खेळण्यातील विमाने उडविणेबाबत’. चौदा वर्षं विमानांसाठी बाल्साचं हलकं लाकूड कापतोय मी. खेळण्यातील! गिळलं. सही आठ मिनिटांत झाली.

या काळात बावीसपैकी नऊजण गळाले. उरले ते आमच्या पार्किंगमुळे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे जोडकाम चालायचं. नवीन माणूस आला की त्याला बघत उभं ठेवायचं नाही, लगेच हातात सँडपेपर द्यायचा. उडवायला शिकवताना दोन रिमोट जोडा. पोरगं गोंधळलं की आपण स्विच सोडायचा, ताबा परत आपल्याकडे. पोरांवर खेकसणारे एक काका प्रत्येक क्लबात असतात. आमच्या काकांना बॅटऱ्या चार्ज करायला बसवलंय, खूश आहेत. हो, आणि पहिले तीन रविवार वर्गणी मागू नका.

परवानगी अकरा महिन्यांची आहे. दिवाळीनंतर पुन्हा तीच खिडकी. या वेळी विमान पहिल्याच दिवशी बरोबर नेणार.