आजारपणाचा खर्च नक्की कुठे लपलेला असतो: माझा अनुभव

आमच्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुप आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं. साहेबांनी वाढलेल्या प्रीमियमवर एक नजर टाकली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सवयी लोकांच्या, भुर्दंड आपल्याला. नेमका किती, तो काढा." रजा, पगार आणि ओव्हरटाइम या तिन्ही गोष्टी माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे हे काम दुसऱ्या कुणाकडे जाण्याची शक्यता नव्हतीच.

विमा कंपनीचं गणित सरळ असतं. वर्षभरात जमा झालेल्या प्रीमियमपैकी क्लेमपोटी किती गेले ते पाहायचं आणि त्यावर पुढचा दर ठरवायचा. म्हणून सगळ्यात आधी ब्रोकरकडून क्लेमचा तक्ता मागवला. आजारानुसार आणि वयोगटानुसार एकगठ्ठा आकडे द्या, नावं देऊ नका, असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलं. साहेबांना नावं हवी होती. कोण सिगारेट ओढतो, कोणाला शुगर आहे हे कळलं तर समजावता येईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "साहेब, एकदा का नाव फुटलं की पुढच्या आरोग्य तपासणीला कुणी फिरकणार नाही."

तक्ता आला आणि 'सवयी'ची गोष्ट जरा अवघड झाली. रकमेचा मोठा भाग मोजक्या मोठ्या क्लेमनी खाल्लेला, आणि त्यातले बरेच कुटुंबीयांचे. कर्मचाऱ्याच्या सिगारेटचा त्याच्या आईच्या मोतीबिंदूशी काय संबंध? हृदयविकार, पाठीची दुखणी होती, नाही असं नाही. पण मधुमेह आणि रक्तदाब जवळजवळ दिसतच नव्हते. दिसणार तरी कसे? आमच्या पॉलिसीत क्लेम होतो तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची गोळी, अपुरी झोप, सकाळची चक्कर यांचं बिल विमा कंपनीकडे जात नाही, ते आमच्याच हजेरीपटात फुटतं.

मग हजेरीपट काढला. आजारपणाच्या एका रजेचा खर्च म्हणजे फक्त त्या दिवसाचा पगार नव्हे. बदली माणसाला ओव्हरटाइमचा चढा दर द्यावा लागतो, नवख्या हाताने माल जास्त नापास होतो, आणि सुपरवायझरचा अर्धा दिवस जुळवाजुळवीत जातो. आणि कामावर आलेला पण अंगात त्राण नसलेला माणूस कोणत्या रकान्यात लिहायचा? त्याला तर रकानाच नाही.

रात्रपाळीच्या पॅकिंग लाइनवर रजांचा ढीग दिसला, म्हणून एका रात्री तिथेच जाऊन बसले. एका ऑपरेटरदादांना मधुमेह आहे. त्यांची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, पण त्यांच्या जेवणाच्या सुट्टीच्या आधीच कॅन्टीन बंद होतं. "रिकाम्या पोटी घेतली की दरदरून घाम फुटतो, मॅडम. हात थरथरतात. मशीनवर उभं राहायचं तर गोळी नको, असं ठरवलंय मी." डॉक्टरांच्या फाइलीत हा माणूस 'औषध नियमित घेत नाही' असाच नोंदला गेला असणार. पॅकिंगचं टेबलही इतकं खाली की उंच माणसाला पूर्ण पाळी वाकून काढावी लागते. दर थोड्या वेळाने कुणाचा ना कुणाचा हात कमरेवर जात होता.

दरम्यान साहेबांच्या हाती एक आकडा लागला होता. 2013 साली टोबॅको कंट्रोल या नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार, अमेरिकेत धूम्रपान करणारा कर्मचारी खासगी मालकाला वर्षाला सुमारे 5,816 डॉलर जास्तीचे पडतो. आकडा वजनदार आहे, पण त्याची फोड जास्त बोलकी. त्यातले 3,077 डॉलर कामाच्या वेळेत सिगारेट ओढायला बाहेर जाण्यात गेलेल्या वेळेचे, उपचारांचे 2,056. आणि असा माणूस लवकर जातो म्हणून पेन्शनमध्ये वाचणारे 296 डॉलर त्यातून वजा केलेले! हिशेबनीस असूनही ती ओळ वाचून मला कसंसंच झालं.

साहेबांचा प्रस्ताव होता वेलनेस कार्यक्रमाचा: चालण्याची स्पर्धा, अ‍ॅप, बक्षिसं. त्यासाठी 2010 चा एक लेख नेहमी पुढे केला जातो. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून काढलं होतं की एका डॉलरमागे उपचारखर्चात सुमारे 3.27 डॉलर वाचतात. पण बेकर आणि साँग यांनीच पुढे एका अमेरिकी दुकानसाखळीत चिठ्ठी टाकावी तशी ठिकाणं निवडून प्रयोग केला, कर्मचारी सुमारे 33,000. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. दीड वर्षानंतर लोक व्यायाम वाढल्याचं सांगत होते, पण रक्तदाब, उपचारखर्च, गैरहजेरी यांत ठळक फरक नव्हता. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात तर कार्यक्रमात येणाऱ्यांचा उपचारखर्च आधीपासूनच कमी होता, असं दिसलं. म्हणजे स्पर्धेत पहिले येणार ते मुळात रोज पळणारेच.

बैठकीत मी 2010 आणि 2019 चे दोन्ही कागद ठेवले आणि त्यांच्याशेजारी रात्रपाळीच्या ओव्हरटाइमचा तक्ता. साहेब बराच वेळ तो तक्ताच पाहत राहिले. उपचारखर्चाचा काही वाटा कर्मचाऱ्यांवर टाकू, अशी सूचना वित्त विभागाने केली. मी विरोध केला: खिशाला चाट बसली की माणूस दुखणं अंगावर काढतो आणि मग थेट दाखल होतो, तो क्लेम मोठा असतो. ब्रोकरशी घासाघीस करून वाढ थोडी खाली आणली. थोडीच, कारण विमा कंपनी हेतू पाहत नाही, मागचे क्लेम पाहते.

स्पर्धा रद्द झाली. कॅन्टीन आता रात्रपाळीच्या सुट्टीपर्यंत उघडं असतं, आणि टेबलांच्या पायांखाली ठोकळे बसवलेत. तपासणीचे रिपोर्ट पाकीटबंद, ज्याचे त्याच्याच हातात जातात. पॅकिंगच्या ओव्हरटाइमचा आकडा जरा उतरलाय, पण 'बचत' या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही, थोड्या महिन्यांवरून ते ठरत नाही. पाळी दर आठवड्याला बदलायची की महिन्याला, यावर सध्या सुपरवायझरशी वाद चालू आहे.