तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्पेस: १९९९’ का बघायची आणि कशी

विज्ञानकथांच्या गप्पांत ‘स्पेस: १९९९’चं नाव काढलं की हमखास एक प्रश्न येतो. अणुकचऱ्याचा स्फोट होऊन चंद्र कक्षेतून उडतो आणि मग दर भागात नव्या ग्रहापाशी पोचतो, अशी मालिका तुम्ही चांगली म्हणून सांगताच कशी? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्यांनी नावच ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जेरी आणि सिल्विया अँडरसन यांची ही ब्रिटिश मालिका १९७५ ते १९७७ या काळात आली. दोन पर्वं, प्रत्येकी २४ भाग. १३ सप्टेंबर १९९९ रोजी चंद्र पृथ्वीपासून सुटतो आणि ‘मूनबेस अल्फा’ या तळावरची ३११ माणसं त्याच्याबरोबर वाहत जातात. तळाचा कमांडर कोनिग म्हणजे मार्टिन लँडाऊ, डॉक्टर हेलेना रसेल म्हणजे बार्बरा बेन आणि वयस्क शास्त्रज्ञ बर्गमन म्हणजे बॅरी मोर्स. मालिका आली तेव्हापासून तिच्यावर जीव टाकणारे आणि तिच्या नावाने बोटं मोडणारे असे दोन तट आहेत, आणि ते अजून मिटलेले नाहीत.

आधी आक्षेप पूर्ण मान्य करू. चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगाने फिरतो. त्याला पृथ्वीपासून सुटायला १.४ किलोमीटरच्या थोडा वर वेग लागेल. एवढा फरक पाडायची ऊर्जा काढली, तर आजवर चाचणी झालेल्या सर्वांत मोठ्या, म्हणजे १९६१ सालच्या ५० मेगाटनी सोव्हिएत बॉम्बसारखे सुमारे १८ हजार कोटी बॉम्ब लागतात. चंद्राच्या पार ठिकऱ्या उडवायला जी ऊर्जा लागते तिच्या जवळपास एक तृतीयांश ही ऊर्जा आहे, त्यामुळे तळ शाबूत राहायचा प्रश्नच नाही. कचरा पुरलाय चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे तिथल्या स्फोटाचा धक्का चंद्राला उलट पृथ्वीकडे ढकलेल. आणि समजा सुटलाच, तरी तो सूर्याच्या तावडीत राहतो. पृथ्वीच्या अंतरावरून सूर्यालाही सोडून जायचं तर सेकंदाला आणखी सुमारे १२ किलोमीटर वेग हवा. त्या वेगानेही सर्वांत जवळचा तारा एक लाख वर्षांपलीकडे आहे. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्ह यांनी १९७५ सालीच स्फोट आणि अंतर हे दोन्ही मुद्दे मांडले होते. मात्र चंद्रावरच्या कमी गुरुत्वाकर्षणातल्या हालचाली अचूक दाखवल्यात, हेही त्यांनी आवर्जून नोंदवलं होतं.

एवढं सगळं पाण्यात गेल्यावर उरतं काय, तर सुकाणू नसलेल्या जहाजावरची माणसं. बाकीच्या अंतराळमालिकांत कप्तान ठरवतो कुठे जायचं. इथे कोणीच काही ठरवत नाही. चंद्र जाईल तिकडे जायचं, एखादा ग्रह टप्प्यात आला तर काही दिवसांत निर्णय घ्यायचा, आणि तो मागे पडला की कायमचा मागे पडला. पहिलं पर्व ही असहायता फार गंभीरपणे घेतं. समोर काय आलं, ते का आलं, याची उत्तरं पुष्कळदा मिळतच नाहीत. लोक याला पटकथेतली ढिलाई म्हणतात. मला तोच या पर्वाचा कणा वाटतो. चांगल्या भयकथेत भुताची कुंडली मांडत बसत नाहीत.

‘फोर्स ऑफ लाइफ’ हा भाग घ्या. अणुजनित्रावर काम करणारा झोरेफ नावाचा तंत्रज्ञ (कलाकार इयन मॅकशेन) अचानक उष्णतेसाठी कासावीस होऊ लागतो. आधी दिव्याखाली हात धरतो, मग दिवे विझायला लागतात, मग ज्याला हात लावेल तो माणूस गोठून मरतो. दिग्दर्शक डेव्हिड टॉमब्लिन कॅमेरा तिरका धरतो, चेहऱ्याच्या अगदी जवळ आणतो, काही हालचाली संथ करतो, आणि पांढऱ्याशुभ्र मोकळ्या मार्गिका भीतीदायक वाटू लागतात. झोरेफच्या अंगात काय शिरलं होतं हे शेवटीही कोणाला नीट कळत नाही.

‘ड्रॅगन्स डोमेन’ तर यापुढचा. जुन्या मोहिमेतून एकटा परतलेला सेलिनी सांगतो की बाकीच्या तिघांना एका प्राण्याने खाल्लं. यानाच्या उपकरणांनी कुठल्याही सजीवाची नोंद केलेली नाही, म्हणून अधिकारी त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. राक्षस आज बघताना रबरी वाटेल, पण प्रसंगाची धार त्याच्या दिसण्यात नाहीच. यंत्र ‘काही नाही’ म्हणतंय आणि माणूस ‘आहे’ म्हणतोय, यात आहे. त्यावर अल्बिनोनीच्या नावाने ओळखला जाणारा जी मायनरमधला अडाजिओ, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीतातली एक संथ रचना, वाजतो.

आता ज्या एका गोष्टीवर दोन्ही तट सहसा एकमत होतात ती, म्हणजे ‘ईगल’ यान. पुढे चालककक्ष, मागे इंजिनं, मधे जाळीदार सांगाडा आणि त्यात काढघाल करता येणारा डबा: प्रवासी, सामान किंवा दवाखाना, जशी गरज असेल तसा. विशेष दृश्यं सांभाळणाऱ्या ब्रायन जॉन्सन यांनी त्याचं मुख्य मॉडेल ४४ इंचांचं केलं, आणि दूरच्या दृश्यांसाठी २२, ११ आणि साडेपाच इंचांची. यान आणि तारे एकत्र आणायला निळ्या पडद्याचा (निळ्या पार्श्वभूमीवर चित्रण करून मग दोन चित्रं जोडण्याचा) खर्चिक मार्ग टाळून पुष्कळदा कॅमेऱ्यातच काम उरकलं: काळ्या मखमलीपुढे यान चित्रित करायचं, फ्रेम मोजून तीच फिल्म मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच तारे उमटवायचे. फायदा असा की सगळं मूळ निगेटिव्हवर येतं, फिल्मची प्रत काढताना येणारा भरडपणा टळतो. धोका असा की मोजणी चुकली तर आधीचं कामही वाया, आणि यानाच्या मार्गाचा अंदाज हुकला तर तारे त्याच्या अंगातून चमकतात. थांबवून बघा, काही ठिकाणी जोड सापडेल. याच जॉन्सन यांनी पुढे ‘एलियन’ या चित्रपटाची विशेष दृश्यं सांभाळली.

बघण्याबद्दल. टीव्हीची चौकट ४:३ ठेवा. पडदा भरावा म्हणून ताणलंत तर ईगल चपटं होतं, कापलंत तर डोकी जातात. एका रात्री एकच भाग, सुमारे ५० मिनिटांचा. सलग तीन बघितले की संथपणा अंगावर येतो आणि मालिका उगाच बदनाम होते.

क्रम महत्त्वाचा. ब्रिटनमध्येच वेगवेगळ्या विभागीय वाहिन्यांनी भाग वेगवेगळ्या क्रमाने दाखवले, त्यामुळे याद्यांचा घोळ आहे. निर्मितीचा क्रम धरा: ‘ब्रेकअवे’ पहिला. दुसरा ‘मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ खरंच कच्चा आहे, तो वगळला तरी चालेल. तिसरा ‘ब्लॅक सन’ मात्र चुकवू नका. चंद्र एका कृष्णविवरातून जातो आणि विश्वात भलतीकडेच बाहेर पडतो, म्हणजे अंतराच्या आक्षेपाला मालिकेपुरतं उत्तर इथे मिळतं. हा भाग उशिरा बघितला तर पुढचे सगळे ग्रह खटकत राहतात. मरण जवळ आलेलं असताना कोनिग आणि बर्गमन ब्रँडीचे प्याले घेऊन शांतपणे बोलत बसतात, तो प्रसंग आवडला तर ही मालिका तुमची. नाही आवडला तर पुढे रेटू नका. लँडाऊ आणि बेन यांचा अभिनय थंड वाटतो ही तक्रारही इथेच तपासून घ्या. दोघंही आवाज न चढवता बोलतात, आणि अशा गोष्टीत मला तेच योग्य वाटतं.

एक बारीक खूण सांगते, ओळख पटवायला उपयोगी पडते. वेशभूषाकार रूडी गर्नराइक यांनी स्त्री-पुरुषांना सारखाच फिकट गणवेश दिला आणि खातं डाव्या बाहीच्या रंगावर ठेवलं: मुख्य नियंत्रण लाल, वैद्यकीय पांढरा, सुरक्षा जांभळा, कमांडर काळा.

दुसऱ्या पर्वाशी माझं जमत नाही. निर्माते म्हणून फ्रेड फ्रायबर्गर आले, भव्य नियंत्रणकक्षाच्या जागी आटोपशीर खोली आली, बर्गमन एका शब्दाच्या खुलाशाशिवाय गायब झाला. कॅथरीन शेल यांची माया ही नवी परग्रहवासी हवं त्या प्राण्याचं रूप एक तासापुरतं घेते. माया पात्र म्हणून गोड आहे, पण अडचण आली की रूप बदला ही सवय पटकथेला लागते आणि ती असहायता संपते. ‘द रूल्स ऑफ लुटन’मध्ये झाडं न्यायनिवाडा करतात, तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. तरी ‘द मेटामॉर्फ’ आणि दोन भागांचा ‘द ब्रिंगर्स ऑफ वंडर’ बघाच.

आणि १९९९ साली, मालिकेतल्या त्याच तारखेला, १३ सप्टेंबरला, चाहत्यांच्या मेळाव्यात एक छोटा चित्रपट दाखवला गेला: ‘मेसेज फ्रॉम मूनबेस अल्फा’. लेखन मालिकेचेच लेखक जॉनी बर्न यांचं, आणि पडद्यावर मालिकेत अल्फावरच्या सँड्राची भूमिका करणाऱ्या झिनिया मर्टन. काही मिनिटांचाच आहे. दोन्ही पर्वं झाल्याशिवाय तो लावू नका, कारण अल्फावरच्या माणसांचं पुढे काय झालं ते त्यात सांगून टाकलंय.