उबुदजवळचं शार्दूलविक्रीडित
बालीच्या टूरवर मंडळींना काय हवं असतं ते मला पाठ आहे: स्विंगवरचे फोटो, फ्लोटिंग ब्रेकफास्ट आणि उलुवातूला सूर्यास्ताचा केचक नाच. तो केचक 1930 च्या दशकात पर्यटकांसाठी बेतला गेला, हे सांगितलं की लोक हिरमुसतात. म्हणून हल्ली सांगत नाही.

त्या दिवशी उबुदजवळ मिरवणुकीमुळे गाडी अडली. गावच्या देवळाचा ओदालान होता, दर 210 दिवसांनी येणारा उत्सव. आमच्या ड्रायव्हर ब्लींनी (ब्ली म्हणजे दादा) सगळ्यांसाठी सारोंग (कमरेला गुंडाळायची वस्त्रं) मिळवले, आत गेलो. मंडपात माइकपुढे काही म्हातारे पोथी घेऊन बसलेले. "आरती कितीला आहे?" मागून प्रश्न आलाच.

हे पसांतियान. एकजण काकाविन, म्हणजे जुन्या जावानीज भाषेतलं वृत्तबद्ध काव्य गातो, दुसरा ओळीओळीला थांबून बाली भाषेत अर्थ सांगतो. चाल अतिसंथ, पण सगळी फिरत गुरू अक्षरावर. लघूवर रेंगाळायचं नाही. गाणाऱ्याने एका लघूवर आवाज घोळवला, तर शेजारच्याने मांडीवर थाप मारून त्याला अडवलं. ओळ पुन्हा पहिल्यापासून!

आमच्या ग्रुपमधल्या एक निवृत्त मराठीच्या बाई बोटांवर मोजत होत्या. "मासाजासततागा! 19 अक्षरं, बाराव्यावर यती. अहो, हे तर आपल्या मंगलाष्टकांचं वृत्त!"

ब्लींना विचारलं. काव्य 'अर्जुनविवाह', म्पू (ही आदराची पदवी) कण्वांचं, 11 व्या शतकातलं. वृत्ताचं नाव तिथेही शार्दूलविक्रीडितच. पहिल्याच कडव्याचा अर्थ चालला होता: खरा ज्ञानी शून्याच्याही पार गेलेला असतो, तरी लोकांत वावरतो, तो विषयांच्या ओढीने नव्हे, जगाच्या सुखासाठी. त्याच्या आणि जगत्कारणाच्या मध्ये छायाबाहुल्यांच्या खेळाचा पडदा तेवढा असतो. यावर दोन म्हातारे जुंपले. पडदा म्हणजे आड येणारी गोष्ट, की पडदा आहे म्हणूनच खेळ दिसतो? आम्हाला समजावता समजावता ब्लीही त्यात उतरले आणि आमचं भाषांतर बंद पडलं.

"आपल्याकडे हे वृत्त सुरू झालं की लोक अक्षता टाकत पंगतीकडे बघतात," बाई पुटपुटल्या. मी शेकडो लग्नं जेवलोय. एकाही मंगलाष्टकाचा अर्थ कुणी विचारलेला आठवत नाही, भांडण तर लांबच.

फीडबॅक फॉर्मवर दोघांनी 'देवळात वेळ फुकट' असं लिहिलं. ऑफिसने तेवढंच वाचलं. पुढच्या बॅचच्या तारखांना कुठल्या गावी ओदालान पडतो, ते मी ब्लींकडून काढून ठेवलंय. कार्यक्रमपत्रिकेत मात्र घालणार नाही.