वैमानिकांचा वेतनकरार आणि अडलेलं बेसिक: माझा अनुभव

आमचा वेतनकरार होऊन बराच काळ लोटला, मी निवृत्तही झालो, पण बेसिकच्या (मूळ वेतनाच्या) मुद्द्यावर आम्हाला जसं ताटकळत ठेवलं त्याचा राग अजून गेलेला नाही. मी संघटनेच्या वाटाघाटी समितीत होतो. आता ज्यांची बोलणी सुरू होतील त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

मागणीपत्र दिलं, बैठका सुरू झाल्या. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक), रजा, लेओव्हर म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता, हॉटेल हे सगळं फारशी खळखळ न होता मिटलं. फ्लाइंग अलाउन्सचा, म्हणजे उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा, ताशी दर तर व्यवस्थापनानं आपणहून वाढवून देऊ केला. दर महिन्याला हातात जास्त पैसे येणार म्हणून बरेच सहकारी तिथेच खूश झाले.

आम्ही बेसिकवर अडून बसलो. आपल्याकडे वैमानिकाचं बेसिक लहान आणि फ्लाइंग अलाउन्स मोठा असतो. नोकरीत असताना हे खुपत नाही. पण आमच्या वेळच्या 1972 च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) काढताना बेसिक आणि महागाई भत्ताच धरायचे, बाकीचे भत्ते बाजूला. बैठकीत मी कागदावर हिशेब मांडला. बेसिक 60,000, सेवा 25 वर्षं, 15/26 नं गुणलं (वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून) की साधारण 8 लाख 65 हजार. बेसिक 1,20,000 केलं आणि भत्ता तेवढाच कमी केला, तर 17 लाख 30 हजार. महिन्याचा एकूण पगार दोन्हीकडे सारखाच.

उत्तर आलं, "तुम्हाला पेन्शन आहेच की." म्हणून ईपीएसचा, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेचा, हिशेब त्याच कागदावर खाली लिहिला. पगाराची मर्यादा 15,000, गुणिले 35 वर्षं, भागिले 70. म्हणजे पूर्ण सेवा केलेल्या कॅप्टनला महिन्याला 7,500 रुपये. शिवाय 1 सप्टेंबर 2014 नंतर त्याहून जास्त पगारावर पहिल्यांदा नोकरीला लागलेले तर या योजनेतच नाहीत. फायनान्सच्या अधिकाऱ्यांनी कागद जवळ ओढून आकडा पुन्हा तपासला आणि विषय बदलला.

मग आम्ही सर्वोच्च न्यायालयाचा 28 फेब्रुवारी 2019 चा निकाल पुढे केला. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनातच धरावा, असा तो निकाल. आमचा हमी तासांचा अलाउन्स उडालो न उडालो तरी मिळायचा, म्हणजे तो पगारच. पण कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की 15,000 च्या वर बेसिक असेल तर त्याहून जास्त रकमेवर वर्गणी भरण्याची सक्ती मालकावर नाही. कायद्यानं ते बरोबर होतं. त्या दिवशी स्पष्ट झालं की हे कोर्टातून मिळणार नाही, टेबलावरच मिळवावं लागेल.

आणि टेबलावर काय, तर "वरून उत्तर यायचंय". आमच्याशी बोलणारा माणूस मध्येच बदलला, नव्याला सगळं पहिल्यापासून सांगा. इतिवृत्तातून आमचा मुद्दा गळायचा. (इतिवृत्तावर त्याच दिवशी, त्याच खोलीत दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याच.) मसुद्यात शेवटी एक ओळ आली: सेवानिवृत्तीचे लाभ कंपनीच्या धोरणानुसार. म्हणजे उद्या एक परिपत्रक काढलं की लाभ बदलले. आम्ही सही नाकारली. त्यांनी बाकीच्या करारावर सह्या करा, हे नंतर बघू, असं सुचवलं. आता दबाव आतून आला. थकबाकी अडकली होती, तरुण को-पायलट फोन करायचे, "सर, एवढ्यासाठी सगळं थांबवायचं का?" त्यांच्या डोक्यावर ट्रेनिंगच्या कर्जाचे हप्ते होते, त्यांचं चुकत नव्हतं. तरी आम्ही हललो नाही आणि त्याचा मला अभिमान आहे.

शेवटी केंद्रीय कामगार आयुक्तांकडे समेटासाठी गेलो. तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं, तोंडी टोलवाटोलवी चालत नाही. समेट चालू असताना संप करता येत नाही, हे सदस्यांना आधीच नीट समजावून ठेवा. तिथे झालेला करार, म्हणजे आमच्या वेळच्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 12(3) चा, सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, आपसांतला फक्त सही करणाऱ्यांना. हमी तासांच्या अलाउन्सचा मोठा भाग टप्प्याटप्प्यानं बेसिकमध्ये आला आणि ती धोरणाची ओळ गेली.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. हा मुद्दा आमच्या हातात नव्हता, तुमच्या आहे, पहिल्याच बैठकीत मांडा.

आणखी एक, कायद्यातली ग्रॅच्युइटीची 20 लाखांची मर्यादा कराराने ओलांडता येते, फक्त वरच्या रकमेवर कर बसतो. मेडिकलमध्ये लायसन्स गेलं तर काय, याचं वेगळं कलम मागा, कारण वैमानिकाची नोकरी 65 च्या आधीही एका तपासणीत संपू शकते. कंपनीच्या निवृत्तीनंतर कंत्राटावर उडणार असाल तर ती सेवा सलग धरणार की नाही, हे लिहून घ्या.

करार झाल्यावर पगाराची स्लिप पीएफच्या पासबुकाशी ताडून पाहा. आमची वर्गणी सुरुवातीला जुन्याच बेसिकवर जात होती. संघटनेनं पत्र दिलं, तेव्हा फरक भरला गेला.